गर्भनिरोधक गोळ्या-इंजेक्शन फुकट मिळतात, तरी बायका दोन-तीन महिन्यांत का सोडतात? ही बेफिकिरी नाही का?

तुमच्या प्रश्नात 'बेफिकिरी' हा शब्द आहे, तो मला पटला नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी बारा वर्षं आशा सेविका आहे. विसरून सोडणाऱ्या थोड्या. बहुतेक जणी भिऊन सोडतात, आणि भीती असते ती अंगावरून जाण्याची.

'अंतरा' इंजेक्शन दर 3 महिन्यांनी घ्यायचं. त्यानं सुरुवातीला मधेच डाग लागतात, पुढे पाळी थांबतेही. थांबली की घरात म्हणतात, खराब रक्त पोटात साचलं. खरं तर गर्भाशयाचं अस्तरच जाड होत नाही, तर साचणार काय? पण हे इंजेक्शनच्या आधी सांगावं लागतं. एका सुनेला मी फक्त पुढची तारीख सांगितली होती. ऐन महालक्ष्म्यांत तिला डाग लागला, सैपाकाला हात लावू दिला नाही, चार पाहुण्यांसमोर बोलणी बसली. पुढचं इंजेक्शन तिनं घेतलंच नाही. पुढच्या महालक्ष्म्यांना ती सहा महिन्यांची गरोदर होती, कडेवर जेमतेम दीड वर्षाची पोर. ती चूक माझी होती.

दुसरं कारण रोजी. कापूस वेचणीत दिवस मोडून उपकेंद्रात कोण जाईल? मग तारीख हुकते, आणि हुकली म्हणजे संपलं असं वाटतं. तारखेनंतर 4 आठवड्यांपर्यंत इंजेक्शन घेता येतं, हे कित्येकींना ठाऊकच नसतं.

'छाया' गोळी पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदाच. मी पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करवते, दुसरी त्यानंतर तीन दिवसांनी, आणि पुढचे वार बाजाराच्या दिवसावरून लक्षात ठेवायला सांगते. बाजार कोणी विसरत नाही. नवऱ्यापासून लपवलेलं पाकीट मात्र फार दिवस टिकत नाही. तो तयार असेल तर अर्धं काम झालं.

तुमच्या घरातलं कोणी सोडायच्या बेतात असेल तर आधी सिस्टरला भेटा. खूप जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. एक साधन सोसत नसेल तर दुसरं मिळतं, पण दुसरं हाती आल्याशिवाय पहिलं सोडू नका.

त्या सुनेनं दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी (कॉपर-टी) बसवली. या खेपेला मी सासूलाही सोबत बसवून सगळं सांगितलं. महिन्याभरानं शेजारीण कुजबुजली तर सासूच म्हणाली, "पयले तीन मयने जास्तच जाते, मले म्हाईत हाय."