स्कॉटिश मॉर्निंग रोल (न्याहारीचे मऊ पाव) घरी भाजले तर खरंच पैसे वाचतात का?
वाचतात, पण एका वेळी 12 करा. चारच रोलांसाठी ओव्हन तापवलात तर बचत विजेच्या बिलात जाते.

500 ग्रॅम ब्रेडचा (जास्त प्रथिनांचा) मैदा, 320 मिली कोमट पाणी, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 9 ग्रॅम मीठ, 25 ग्रॅम लार्ड (डुकराची चरबी) किंवा लोणी. पीठ 10 मिनिटं मळा, दुप्पट फुगू द्या. 70-70 ग्रॅमचे गोळे किंचित दाबून बोटभर अंतरावर मांडा; फुगून एकमेकांना चिकटले की कडा मऊ राहतात. वर मैदा भुरभुरा, 40 मिनिटांनी 220 अंशांवर 15 मिनिटं भाजा. काळपट, करपट माथ्याचे 'वेल-फायर्ड' हवेत तर 240 अंश ठेवा.

रोल दगडासारखे होतात ते बहुधा मळताना पीठ चिकटतंय म्हणून मैदा वाढवल्यामुळे. हात ओला करा, मैदा नको. दुसऱ्या दिवशी ते शिळे लागतात, म्हणून उरलेले गार होताच फ्रीझरमध्ये टाका.