ठेकेदाराकडची पाच वर्षं सिनिऑरिटीत धरतात का?
वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडे पाच वर्षं काढून आता कंपनीच्या रोलवर आलात, तर ती वर्षं आपोआप धरली जात नाहीत. तोवर कागदोपत्री तुमचा मालक ठेकेदार होता, म्हणून ज्येष्ठता साधारणपणे रोलवर आल्याच्या तारखेपासून मोजतात. युनियनच्या करारात वेगळं कलम असेल तर गोष्ट निराळी. आधी कराराची प्रत मागून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

दुसरी वाट लांबची आहे. काम कंपनीचाच सुपरवायझर सांगायचा, रजाही तोच द्यायचा, ठेकेदार बदलला तरी पोरं तीच, असं असेल तर ठेका नावापुरता होता असा दावा करता येतो. 2001 च्या स्टील अथॉरिटी निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं: ठेका पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप कायम होत नाहीत, पण ठेका बनावट ठरला तर ते मूळ मालकाचेच. म्हणून जुने गेटपास, पगाराच्या स्लिपा, पीएफ पासबुक जपून ठेवा. कँटीनमध्ये ऐकता ते ‘240 दिवस भरले की कायम’ हे प्रकरण कंपनीने स्वतः घेतलेल्या टेम्पररींचं आहे.

आणि हो, जुने कायम कामगार यात फारसे बोलणार नाहीत. तुम्ही यादीत वर सरकलात की त्यांच्यातलं कुणीतरी खाली जातं, अन् कपातीत शेवटी आलेला आधी जातो.