पाच वॅटचे संमेलन : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कमी शक्तीवर, म्हणजे क्यूआरपीवर, काम करणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांच्या वार्षिक संमेलनाला कसे जावे, काय न्यावे, काय बांधावे, याविषयी गोव्यातून आलेल्या पत्रांपैकी काही येथे घेतली आहेत.

प्रश्न : पाच वॅट म्हणजे रात्रीच्या दिव्याइतकी शक्ती. तेवढ्यावर कोण ऐकणार? आणि त्यासाठी माणसे वर्षातून एकदा एवढ्या लांबून का जमतात? (डिचोली)

उत्तर : मोर्सवर ५ वॅट आणि एसएसबीवर, म्हणजे आवाजावर, १० वॅट शिखरशक्ती ही क्यूआरपीची सर्वमान्य मर्यादा आहे. १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात की सिग्नल १३ डेसिबलने उतरतो. रिसीव्हरच्या सिग्नल-मीटरवरचा एक एस-अंक ६ डेसिबलचा धरतात. म्हणजे ऐकणाऱ्याकडचा काटा दोन अंकांहून थोडा जास्त खाली येतो, एवढेच. एस ९ चा सिग्नल एस ७ वर आला तरी तो आरामात ऐकू येतो. खरे नुकसान होते ते केबल, जोड आणि अँटेनात. तिथे दोन-तीन डेसिबल गळले तर १०० वॅटवाल्याच्या ते लक्षातही येत नाही, पाच वॅटवाल्याचा संपर्क मात्र त्यातच तुटतो. माणसे जमतात ती याच गोष्टी हाताळायला आणि मोजून दाखवायला.

अमेरिकेत ओहायोमध्ये मे महिन्यात ‘फोर डेज इन मे’ हे क्यूआरपीवाल्यांचे संमेलन भरते. ते १९९६ पासून चालू आहे. आपल्याला जवळचे म्हणजे हैदराबादच्या लामकान या सांस्कृतिक केंद्रातले वार्षिक रेडिओ संमेलन. घरी बांधलेल्या उपकरणांना तिथे मान आहे, आणि ते साहजिकच आहे, कारण जगभर बांधला गेलेला बिटएक्स ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि ऐकणारा एकच संच) हैदराबादच्याच अशर फरहान यांचा.

प्रश्न : हैदराबादला जायचे आहे. मी बांधलेला चाळीस मीटर पट्ट्याचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झचा) ट्रान्सीव्हर मांडायचा आहे. बॅटरी किती अँपिअर-तासाची न्यावी? पाच वॅट निघतात हे महागड्या मीटरशिवाय कसे दाखवू? (फोंडा)

उत्तर : आधी बॅटरी. ऐकताना ०.३ अँपिअर आणि पाठवताना १.२ अँपिअर लागतात असे धरा, आणि वेळेचा पाचवा हिस्सा पाठवण्यात जातो असे समजा. सरासरी ०.४८ अँपिअर होते. आठ तासांना ३.८४ अँपिअर-तास. म्हणजे ६ अँपिअर-तासाची चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरून उरते. १२.८ व्होल्ट धरले तर तिची ऊर्जा ७६.८ वॅट-तास भरते. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात चालते, टोकांना टेप लावून. ही बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत चार्ज होते, त्यामुळे तुमच्या संचाची कमाल मर्यादा पाहिल्याशिवाय ताजी चार्ज केलेली बॅटरी जोडू नका. धन टोकाला अगदी लागून ३ अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज संचाच्या बाजूला लावला तर मधल्या वायरीत शॉर्ट झाल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही.

वीजजोडणीचा गोल प्लगही तपासून घ्या. २.१ आणि २.५ मिलिमीटर भोकाचे प्लग बाहेरून सारखेच दिसतात. २.१ च्या खिळीवर २.५ चा प्लग बसतो, पण सैल. ऐकताना सगळे ठीक वाटते आणि पाठवण्यासाठी मोर्सची कळ दाबली की संच बंद पडतो. टेबलावर दोष शोधणारे मग ट्रान्झिस्टर बदलत बसतात.

आता शक्ती मोजणे. २०० ओमचे, २ वॅटचे चार कार्बन किंवा मेटल ऑक्साइड रेझिस्टर समांतर जोडा : ५० ओम, ८ वॅटचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा भार, तयार. वायरवाउंड रेझिस्टर घेऊ नका. ती मुळात गुंडाळीच असते, त्यामुळे रेडिओ लहरींना ५० ओम दिसत नाहीत. लोडच्या सिग्नल येणाऱ्या टोकाला १ एन ४१४८ डायोड, त्याच्यापुढे जमिनीला (ग्राउंडला) ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि त्या कपॅसिटरवर साधा डिजिटल मल्टिमीटर डीसीवर. येईल त्या व्होल्टमध्ये डायोडचे ०.७ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. मीटर २१.७ दाखवत असेल तर २२.४ चा वर्ग भागिले १००, म्हणजे ५ वॅट. कळ दहा सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नका. हा लोड संमेलनाला बरोबर न्याच. सभागृहात शेजारच्या टेबलावर पाच वॅट हवेत सोडले तर आजूबाजूचे सगळे रिसीव्हर गुदमरतात. प्रात्यक्षिक डमी लोडवरच करायचे.

मांडणीसाठी एक कागद पुरे : सर्किटचे हाताने काढलेले चित्र, मोजलेली शक्ती, ऐकताना आणि पाठवताना लागणारा करंट. लोक हे तीन आकडे आधी विचारतात.

प्रश्न : गावच्या सड्यावर अँटेना उभारून संमेलनाच्या दिवशी हैदराबादच्या मित्रांशी बोलायचे आहे. कातळात खुंटी शिरत नाही. कोणती अँटेना घ्यावी? (पेडणे)

उत्तर : गोव्यापासून हैदराबाद हवाई अंतराने साधारण साडेपाचशे किलोमीटर. दिवसा चाळीस मीटर पट्टा यासाठीच आहे. सिग्नल बऱ्यापैकी वर जाऊन परत खाली यायला हवा, म्हणून अँटेना फार उंच नको. मधोमध सहा-सात मीटर उंचीचा उलटा व्ही, म्हणजे मध्य उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरत्या अशी वायर, उत्तम. लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा : ७.१ साठी २०.१४ मीटर, प्रत्येक बाजू १०.०७. सुरुवातीला प्रत्येक बाजूला वीस सेंटिमीटर जास्त ठेवा. टोके जमिनीजवळ आली की अनुनाद, म्हणजे अँटेना जुळते ती फ्रीक्वेन्सी, खाली सरकतो, म्हणून वायर कापणे जागेवरच. भारतात हा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. मोर्सवर क्यूआरपीवाले ७.०३० च्या आसपास भेटतात.

खुंट्यांचा नाद सोडा. फायबरग्लासच्या काठीचे तीन ताण तीन चिऱ्यांना बांधा, चिरे गोव्यात कुठेही मिळतात. माडाचा आधार घ्यायचा तर दोरी सैल ठेवा. वाऱ्यात माड हलतो आणि ताठ वायर तुटते. टोके झावळ्यांना लागू देऊ नका. विजेच्या तारांपासून काठीच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब राहा.

एकाच टोकातून देणारी अर्धतरंग अँटेना हवी असेल तर ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो. एफटी १४०-४३ कोअरवर प्राथमिक २ वेढे, दुय्यम १४ वेढे, प्राथमिकला समांतर १०० पिकोफॅरड. वायर २०.२ मीटर, शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला दोनेक मीटरची दुसरी वायर, म्हणजे काउंटरपॉइज. अँटेना जोडण्याआधी दुय्यमवर २.२ किलोओम आणि २७० ओम एकापुढे एक लावून एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचे माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) पाहा. सात मेगाहर्ट्झला तो १.५ च्या आत यायला हवा. न आल्यास वेढे मोजा : वायर भोकातून जितक्यांदा गेली तितके वेढे. पाच वॅटलाही या टोकाला ११० व्होल्ट असतात, तेव्हा वायर मुलांच्या हाताला लागेल अशी सोडू नका.

केबलमध्येही हात आखडू नका. दहा मीटर आरजी १७४ या बारीक केबलवर १४ मेगाहर्ट्झला सव्वा डेसिबलच्या आसपास जातात, म्हणजे पाचाचे पावणेचार वॅट. तिच्याहून जाड आरजी ५८ त्याच्या निम्मेच खाते. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत जोड आतून हिरवे पडतात, म्हणून उघड्यावरच्या प्रत्येक जोडाला आपोआप चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. मे महिन्यात ढग गडगडू लागले की आधी केबल काढायची, मग बाकीचे आवरायचे.

प्रश्न : किट जोडले, शक्ती अर्धा वॅटच येते. कुठे चुकले असेल? (काणकोण)

उत्तर : बहुतेक टोरॉइडमध्ये, म्हणजे कड्याच्या आकाराच्या कोअरवरच्या गुंडाळीत. एनॅमलची वायर न खरवडता सोल्डर केली की जोड चकाकतो आणि आत संपर्क नसतो. ओममीटरने वायर ते वायर नव्हे, पॅड ते पॅड तपासा. दुसरी शक्यता कोअरची अदलाबदल : लाल टी ३७-२ वर २० वेढ्यांना १.६ मायक्रोहेन्री येतात, पिवळ्या टी ३७-६ वर तेवढ्याच वेढ्यांना १.२. वरच्या फ्रीक्वेन्सी अडवणाऱ्या लो-पास फिल्टरचा कट मग भलतीकडेच जातो. फिल्टरमधले सिरॅमिक कपॅसिटर सी-झिरो-जी प्रकारचेच हवेत, एक्स ७ आर प्रकारचे तापतात आणि मूल्य बदलतात. शेवटचा ट्रान्झिस्टर आयआरएफ ५१० असेल तर त्याची पाठ ड्रेनला, म्हणजे पुरवठा येणाऱ्या टोकाला, जोडलेली असते. अभ्रकाच्या चकतीशिवाय तो खोक्याला स्क्रूने आवळला की पुरवठा थेट जमिनीला मिळतो. पहिल्यांदा वीज देताना करंटची मर्यादा ठेवलेला पुरवठा वापरा.

प्रश्न : माझ्या मुलीचे वय तेरा. परवाना नाही. तिला संमेलनाला नेता येईल का? (मडगाव)

उत्तर : जरूर न्या. पाहायला, विचारायला, सोल्डर करायला परवाना लागत नाही. फक्त परवान्याशिवाय पाठवायचे बटण दाबायचे नाही. आपल्याकडे बारा वर्षे पूर्ण झाली की परीक्षेला बसता येते, आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही. परवाना दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन) शाखा देते. तुमचा स्वतःचा असेल तर त्याची प्रत संचासोबत ठेवा आणि नोंदलेल्या पत्त्याबाहेरून काम करण्याच्या अटी निघण्याआधी वाचा.

प्रश्न : ओहायोला जाण्याचा योग आला आहे. तिथे बोलता येईल का? (पणजी)

उत्तर : भारत आणि अमेरिका यांच्यात परस्पर मान्यतेचा करार आहे. तुमच्या कॉलसाइनआधी (परवान्यावरच्या ओळख-अक्षरांआधी) तिथल्या विभागाची खूण लावायची. ओहायो आठव्या विभागात येते, म्हणून डब्ल्यू ८, तिरकी रेघ, मग तुमची व्हीयूने सुरू होणारी भारतीय कॉलसाइन. भारतीय परवान्याची मूळ प्रत आणि पासपोर्ट जवळ ठेवा. क्यूआरपीची व्याख्याने गुरुवारी असतात, ओहायोतल्याच झेनिया गावचा हौशी रेडिओचा मोठा मेळावा शुक्रवार ते रविवार. बुधवारी मुक्कामी पोचलात तर गुरुवार हातचा जात नाही.