मेडिसिन घ्यावे की भूलशास्त्र?

प्रश्न : मी गोव्यातील डिचोलीची असून सध्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करीत आहे. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचे गुण पाहता मेडिसिन किंवा भूलशास्त्र यांपैकी एक जागा मिळेल, असे वाटते. माझा ओढा मेडिसिनकडे आहे. परंतु तेथील पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांचे हाल पाहून धास्तावले आहे. भूलशास्त्रात आराम असतो, संसार सांभाळता येतो, असे घरचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : घरच्यांची काळजी खोटी नाही, परंतु भूलशास्त्राविषयीची त्यांची समजूत मात्र चुकीची आहे. पहिला रुग्ण टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शस्त्रक्रियागृहात हजर असतो. भुलीचे यंत्र तपासणे, घशात नळी घालताना वापरायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो की नाही हे पाहणे, सिरिंजांमध्ये औषधे भरून प्रत्येकीवर औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली पट्टी चिकटवणे, हे सारे त्याचेच काम. रात्री दोन वाजता तातडीचे सिझेरियन आले, तर धावत जाणाऱ्यांत तोही असतो. शस्त्रक्रिया तासन्‌तास चालली तरी मॉनिटरवरची नजर काढता येत नाही, आणि श्वासनलिकेत नळी बसत नसेल तर निर्णयाला मिनिटेच मिळतात. तेथील थकवा एकाग्रतेचा असतो, ताण अवचित येतो. पण रुग्ण सुखरूप शुद्धीवर आला आणि पुढच्यांच्या हाती सोपवला की मन बरेचसे मोकळे होते.

मेडिसिनचे तसे नाही. आपल्या युनिटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या गटाच्या, नवे रुग्ण दाखल करून घेण्याच्या दिवशी सकाळी सुरू झालेले काम दुसऱ्या दिवशीचा राउंड आटोपेपर्यंत पुरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिसचे तापकरी वाढले की वॉर्डात पाय ठेवायला जागा उरत नाही. मी मेडिसिनचीच. पहिल्या वर्षी सत्तरीतले एक शेतकरी शेतातल्या चिखलातून थेट आल्यासारखे दाखल झाले होते. ताप, पिवळे डोळे आणि जवळजवळ थांबलेली लघवी. मी दर तासाला लघवीचे माप लिहिताना त्यांच्या पत्नी माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसत. चौथ्या दिवशी लघवीची पिशवी भरू लागली, तेव्हा त्यांना ते सांगायला मी अक्षरशः पळत गेले. असे रुग्ण आपल्याबरोबर घरी येतात, बरे झालेले आणि न झालेलेही. हे तुम्हाला हवेसे वाटते की त्याचे ओझे होते, याचे उत्तर मला कामाच्या तासांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

तरीही तासांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत कामाचे तास ‘वाजवी’ असावेत असे म्हटले आहे, आठवड्याची एक सुट्टी कामाच्या निकडीच्या अधीन ठेवली आहे आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा दिली आहे. ‘वाजवी’ म्हणजे नेमके किती, हा आकडा मात्र त्यांत नाही, आणि मला ही मोठी उणीव वाटते. कारण आकडा नसला की सारे युनिटप्रमुखांच्या स्वभावावर अवलंबून राहते. म्हणून विषयाइतकीच विभागाचीही चौकशी करा. जागा स्वीकारण्यापूर्वी तेथील दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकेकटे गाठून विचारा : शेवटची रजा कधी मिळाली, आजारी पडल्यावर ड्यूटी कोणी केली, प्रबंधाला वेळ कधी मिळतो.

आणखी एक हिशेब घरी मांडा. दोन्ही विषयांतल्या एमडी पदव्या तीन वर्षांच्या आहेत, परंतु मेडिसिनचे अनेक विद्यार्थी पुढे हृदयरोग किंवा मूत्रपिंडरोग अशा विषयांत डीएम ही त्यापुढची पदवी करतात, म्हणजे आणखी एक प्रवेशपरीक्षा व आणखी तीन वर्षे. भूलशास्त्रात एमडीनंतर लगेच काम सुरू करता येते. मात्र शस्त्रक्रियेच्या वेळा सर्जन ठरवतो, त्यामुळे संसाराचे वेळापत्रक तेथेही आपल्या हाती पूर्णपणे नसते.

इंटर्नशिप संपलेली नाही, हे तुमच्या पथ्यावर पडणारे आहे. परवानगी घेऊन दोन्ही विभागांत दोन-दोन रात्री पूर्ण जागून काढा, आणि सकाळी घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी रात्रीतले काय आठवत राहते, ते वहीत लिहून ठेवा. ती वही आईवडिलांनाही वाचायला द्या.