गाडी शाबूत, मग पाय का मोडतात?

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्स झाला, पीसीएमला ७४ टक्के. लहानपणापासून त्याला लष्करी गाड्यांचं वेड आहे, त्यातही जवानांना नेणाऱ्या भूसुरुंगरोधक चिलखती गाड्यांचं. आम्ही विरोध करणारे पालक नाही. उलट मीच त्याचा दहा वर्षांचा आराखडा केला आहे : आधी एनडीए, नाही जमलं तर एका खाजगी संस्थेतली ‘डिफेन्स व्हेइकल डिझाइन’ची पदवी, मग परदेशी कंपनी. पण हल्ली तो मॉडेल्स करत नाही, मागे लागावं लागतं. भलतेच प्रश्न विचारत बसतो. परवा म्हणाला, ‘गाडी फुटत नाही, मग आतल्या जवानाचे पाय का मोडतात?’ जाड पोलाद असलं की काही होत नाही, असं मी सांगितलं. त्याचं लक्ष मूळ विषयाकडे कसं वळवू?

उत्तर : तुमच्या पत्रात मुलाच्या तोंडचं वाक्य एकच आहे, तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. आणि अख्ख्या पत्रातलं सगळ्यात हुशार वाक्य तेच आहे.

७४ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती ‘मागे लागावं लागतं’ या शब्दांची. विरोध करणाऱ्या बापाशी मुलगा निदान भांडू तरी शकतो. त्याच्या आवडीचाच आराखडा करून भिंतीवर लावणाऱ्या बापाशी कशावरून भांडणार? तुम्ही भलं करायला गेलात, कबूल. पण जे तो स्वतःहून, रात्री जागून करायचा, त्याला तुम्ही वेळापत्रक लावलंत आणि पुढे परदेशी कंपनीही जोडलीत. आता मॉडेल करणं म्हणजे गृहपाठ. गृहपाठ कोणाला आवडतो? तो आराखडा काढून ठेवा. मॉडेलचं नावही महिनाभर काढू नका.

आता त्याच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तुम्ही त्याला चुकीचं उत्तर दिलंय. स्टीलच्या डब्यात काचेचा पेला ठेवून डबा गच्चीवरून टाका. डब्याला पोचा येईल फार तर. पेल्याचं काय होईल? सुरुंग फुटला की पहिल्या काही मिलिसेकंदांत गाडीचा तळ वर उसळतो. तो फाटत नाही, नुसता आत फुगतो, पण पाय त्यावर टेकलेले असतील तर टाच आणि नडगी तेवढ्यात मोडते. मग अख्खी गाडी उचलली जाते आणि आसन खालून कण्यावर आदळतं. पट्टा नसेल तर डोकं छताला. शेवटी गाडी खाली पडते तेव्हा पुन्हा एकदा तेच. पोलाद कितीही जाड असो, हा धक्का ते अडवत नाही, आत पोचवतं. म्हणून चांगल्या गाडीत आसनं जमिनीवर ठोकलेली नसतात, छताला किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेली असतात. पाय जमिनीपासून सुट्या पट्टीवर ठेवायचे असतात. दारूगोळ्याची पेटी, आग विझवायचं नळकांडं, सगळं बांधून ठेवतात, कारण सुटी वस्तू आतल्या आत गोळीसारखी उडते.

गाडी शाबूत कशी ठेवायची, हे बाहेरचं कोडं बरंचसं जुनं आहे. १९७०च्या दशकात ऱ्होडेशिया (आताचं झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत त्याची उत्तरं सापडली : इंग्रजी व्ही आकाराचा तळ, म्हणजे स्फोटाचा लोट दोन्ही बाजूंना निघून जातो, जमिनीपासून भरपूर उंची, आणि उडून गेली तरी चालतील अशी चाकं. दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर ही चिलखती गाडी चाकाखाली एकावर एक तीन टीएम-५७ रणगाडाविरोधी सुरुंग, म्हणजे सुमारे २१ किलो टीएनटी स्फोटक, सोसेल अशी बनवली होती. आतल्या माणसाचं कोडं मात्र अजून सुटतंय. नाटोच्या चाचण्यांत आसनावर पुतळा बसवून त्याच्या नडगीवर किती दाब आला ते मोजतात, मर्यादा ५.४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोंचा भार. पण हायब्रिड-३ नावाचा हा पुतळा मुळात मोटारींच्या समोरासमोरच्या टकरीसाठी केलेला. खालून येणाऱ्या धक्क्याला त्याचा पाय खऱ्या पायापेक्षा ताठ पडतो, म्हणून दाब जास्त दाखवतो. म्हणून पुढे एमआयएल-एलएक्स नावाचा वेगळा, कमी ताठ पाय बनवावा लागला आणि त्याची मर्यादा ठरली २.६ किलोन्यूटन. अमेरिकी लष्कराने तर खालून होणाऱ्या स्फोटासाठी अख्खा नवा पुतळा घडवला. तुमचा मुलगा नेमका याच दाराशी येऊन उभा आहे आणि तुम्ही विचारताय, त्याला मूळ विषयाकडे कसं वळवू!

‘जितकी जड तितकी सुरक्षित’ हेही डोक्यातून काढा. २००७ पासून अमेरिकेने इराकसाठी अशा गाड्या हजारोंनी घेतल्या, जीवही वाचले. पण उंच आणि जड गाड्या कच्च्या रस्त्याच्या कडेला कलंडू लागल्या. अफगाणिस्तानच्या डोंगरांत त्या चालेनात, म्हणून २००९ मध्ये हलकी एम-एटीव्ही आणावी लागली.

एनडीएबद्दल एवढंच, की ती अधिकारी घडवते, गाड्यांचे डिझायनर नव्हे. त्याला गणवेश हवा असेल तर तिची परीक्षा जरूर द्यावी. तसं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. बाकी वाट ओळखीची आहे : जेईई किंवा सीईटीतून साधं मेकॅनिकल, पुढे गेट ही पदवीनंतरची परीक्षा, त्यातून डीआरडीओ ही सरकारी संरक्षण संशोधन संस्था किंवा एमटेक. डिफेन्स टेक्नॉलॉजीचा एमटेक अभ्यासक्रम डीआरडीओ आणि एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने २०२१ मध्ये सुरू केला आहे. म्हणजे ही खासियत पदवीनंतरची आहे. पदवीला पाया हवा : मेकॅनिक्स, व्हायब्रेशन, मटेरियल्स, संगणकावरचं फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे कल्पून ताणाचं गणित करणं. आणि तो पायांचा प्रश्न त्याची पाठ सोडत नसेल तर पुढे बायोमेकॅनिक्स, जिथे मेकॅनिकलवाले आणि अस्थिरोगतज्ज्ञ एकाच टेबलावर बसतात. ही विद्या मोटारींच्या क्रॅश टेस्टला, हेल्मेटला, कृत्रिम पायालाही चालते. संरक्षण खात्याची ऑर्डर आली नाही म्हणून उपाशी राहायची वेळ येत नाही.

त्या खाजगी संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा : पदवी कोणत्या विद्यापीठाची, एआयसीटीईची मान्यता कोणत्या वर्षाची, आणि मागच्या तुकडीतले किती विद्यार्थी खरोखर याच क्षेत्रात लागले. माहितीपत्रकावर रणगाड्याचा फोटो म्हणजे मान्यता नव्हे. आगाऊ रक्कम भरली असेल तर मुदतीच्या आत प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढचं पत्र मुलाला लिहू द्या. तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवू नका.