जुन्या ट्रॅक्टरचा काळा धूर कमी कसा करावा?

भाऊ, नांगरटीत ट्रॅक्टर काळा धूर फेकते म्हणता ना, तर इंजिन खोलाच्या आधी एअर क्लीनर पाहा, सोयाबीनच्या थ्रेशरवर चाललं असंन तर ऑइल बाथच्या (हवेतली धूळ पकडणाऱ्या तेलाच्या) वाटीत चिखलासारखा गाळ बसते, हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळते अन् काजळी निघते, अन् हे काजळी फुफ्फुसात खोल जाते, लेकरांना जवळ उभं राहू देऊ नका. वाटी धुवा, खुणेपर्यंत नवं ऑइल भरा. तरी धूर राह्यला तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) टेस्ट करून घ्या, फवारा बारीक पाहिजे, थेंब टपकायला नको. ताकदीसाठी डिझेल पंप वाढवून (जास्त डिझेल सोडायला लावून) घेतला असंन तर पहिले तो कंपनी सेटिंगवर आणा. २०२० पासून डिझेल बीएस-६ चं (कमी प्रदूषणाच्या सरकारी नियमाचं) आहे, सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखात १० भाग), त्यात रॉकेल मिसळू नका बा. निळा धूर असंन तर मात्र ऑइल जळून राह्यलं, बहुतेक रिंग-पिस्टनचं काम.