अकरा मिनिटांचं एन्झाइम

वाचकांचे या वेळचे चारही प्रश्न ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज, म्हणजे ओडीसी, या एकाच एन्झाइमभोवती फिरतात. ऑर्निथिन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकून ते पुट्रेसिन बनवतं. पुट्रेसिनपासून पुढे स्पर्मिडिन आणि स्पर्मिन तयार होतात. ही तिन्ही पॉलिअमाइन्स, आणि त्यांच्यावाचून पेशीची वाढ होत नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी उंदराच्या यकृतातली ओडीसीची सक्रियता मोजते आहे. प्रत्येक वेळी आकडा वेगळा येतो. चुकतंय कुठे?

आधी घड्याळ बघा. यकृताचा काही भाग कापून काढल्यावर उरलेलं यकृत वाढू लागतं आणि त्यात ओडीसी झपाट्यानं चढतं, हे रसेल आणि स्नायडर या शास्त्रज्ञांनी १९६८ साली दाखवलं. पुढच्याच वर्षी त्यांना आढळलं की उंदराच्या यकृतात या एन्झाइमचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, जेमतेम अकरा मिनिटं आहे. ऊती बाहेर काढून तुम्ही शेजारच्या टेबलावर लेबलं चिकटवत बसलात, तर तेवढ्यात आकडा बदललेला असतो. ऊती काढल्याक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि पुढचं सगळं काम बर्फावर करा. बफरमध्ये डायथायोथ्राइटॉल, म्हणजे एन्झाइमला ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन, ताजं घाला. पायरिडॉक्सल फॉस्फेट हा या एन्झाइमचा सहघटक, तो उजेडात खराब होतो, म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा.

मोजणी बहुधा किरणोत्सारी कार्बन-१४ लावलेल्या ऑर्निथिननंच करत असाल: रबरी बुचाखाली लटकलेली छोटी वाटी, तिच्यात अल्कलीत भिजवलेला फिल्टर पेपर, शेवटी बुचातूनच सुईनं आम्ल सोडायचं आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड कागदात पूर्ण शोषला जाईपर्यंत थांबायचं. या थांबण्यात घाई करू नका. दुसरं, मायटोकॉन्ड्रियात ऑर्निथिनमधून दुसऱ्या वाटेनंही कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वर आलेला स्वच्छ द्रवच घ्या, आणि प्रत्येक नमुन्याची एक जोडनळी डीएफएमओ हे ओडीसीरोधक घालून चालवा. त्या नळीतला आकडा वजा केल्याशिवाय उरलेल्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पेशी हे एन्झाइम इतक्या लवकर का मोडते? आणि त्यासाठी युबिक्विटिन, म्हणजे मोडायच्या प्रथिनावर खूण म्हणून लागणारं छोटं प्रथिन, लागत नाही म्हणतात, ते खरं का?

खरं आहे, आणि मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. ओडीसी जोडीनं काम करतं. दोन उपघटक एकत्र आले की त्यांच्या सांध्यावर सक्रिय जागा, म्हणजे जिथे रासायनिक क्रिया घडते त्या जागा, तयार होतात. अँटिझाइम नावाचं प्रथिन एका उपघटकाला मिठी मारतं, जोडी फुटते आणि तो उपघटक थेट प्रोटिअसोम या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राच्या तोंडी जातो. युबिक्विटिनचा शिक्का मारावा लागत नाही.

आता अँटिझाइम कधी बनतं ते बघा. राईबोसोम हे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. तो आरएनएची अक्षरं तीन-तीन करून वाचतो. ‘मगर कमळ बघत’ यातलं पहिलं अक्षर गाळून पुन्हा तीन-तीन वाचलं तर ‘गरक मळब’ असा गोंधळ होतो. अँटिझाइमच्या आरएनएत नेमकं उलट आहे. सरळ वाचत गेलं तर मध्येच ‘थांबा’ येतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. तिथे एक अक्षर ओलांडलं तरच पुढचं प्रथिन पुरं होतं. पेशीत पॉलिअमाइन्स वाढली की राईबोसोम ते अक्षर जास्त वेळा ओलांडतो. म्हणजे माल जास्त झाला की तो मालच कारखाना बंद करणारं प्रथिन बनवून घेतो. अँटिझाइम बाहेरून येणाऱ्या पॉलिअमाइन्सचं दारही लोटतं. त्याला आवरणारं अँटिझाइम इनहिबिटरही पेशीत आहे. दिसायला ते ओडीसीसारखंच, पण एन्झाइमचं काम करत नाही.

डीएफएमओ माणसाचं ओडीसीही बंद करतं. मग आफ्रिकेतल्या निद्रारोगात ते परजीवीलाच कसं मारतं?

डीएफएमओ, म्हणजेच एफ्लोर्निथिन, ओडीसीच्या सक्रिय जागेत शिरतं. एन्झाइम त्यावर काम करायला जातं आणि कायमचं त्याला चिकटून निकामी होतं. आपल्या पेशी थोड्याच वेळात नवं ओडीसी बनवतात. ट्रिपॅनोसोमा ब्रुसी या निद्रारोगाच्या परजीवीचं एन्झाइम मात्र दीर्घायुषी असतं. सस्तन प्राण्यांच्या ओडीसीला शेवटी जी शेपटी असते आणि जिच्यामुळे ते लवकर मोडतं, ती परजीवीच्या एन्झाइमला नाही. एरवी काटकसरीची वाटणारी ही गोष्टच त्याला भोवते, कारण निकामी झालेलं एन्झाइम तसंच पडून राहतं. १९९० साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. पण रुग्णाला चौदा दिवस रोज चार वेळा शिरेतून द्यायचं, म्हणजे ५६ सलाईन! दुर्गम खेड्यातल्या दवाखान्याला हे कसं झेपावं? निफर्टिमॉक्स या दुसऱ्या औषधाची जोड मिळाल्यावर ते चौदा सलाईनवर आलं.

स्पर्मिडिनच्या गोळ्या घ्याव्यात का? आणि ओडीसीची ती शेपटीच तुटली तर माणसाला काय होतं?

गोळ्यांनी माणसाचं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. सोयाबीन, मशरूम आणि गव्हाच्या दाण्यातला अंकुर यांतून स्पर्मिडिन मिळतंच. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या घेऊ नका. वाढत्या गाठींना पॉलिअमाइन्स हवीच असतात. न्यूरोब्लास्टोमा या मुलांच्या कर्करोगात डीएफएमओला २०२३ साली मान्यता मिळाली ती याच कारणानं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २०१८ साली मिळालं. ओडीसी१ जनुकातल्या बदलानं एन्झाइमची शेपटी तुटली की ते मोडेनासं होतं आणि साठत जातं. अशा मुलांचा विकास मागे पडतो आणि केस गळतात. याला बाखमन-बप सिंड्रोम म्हणतात. उपचार म्हणून तेच डीएफएमओ दिलं गेलं. चेहऱ्यावरच्या केसांची वाढ कमी करण्यासाठी २००० सालापासून याच औषधाचं क्रीम मिळतं, आणि इथे ते घेऊ लागल्यावर एका मुलीच्या डोक्यावर केस आले, भुवया उगवल्या.